गुहेत उतरण्यासाठी टिकाऊ आणि जलरोधक हेडलॅम्प कसा निवडावा?

कांदिवलीकर (प्रश्न)

नमस्कार. गेली अनेक वर्षे मी सह्याद्रीत भटकतो आहे. रात्रीच्या चढाईला, गडावरच्या मुक्कामाला आणि पावसाळी वाटांना रिमोटमध्ये बसणाऱ्या तीन बारीक सेलवर चालणारा साधा हेडलॅम्प मला आजवर पुरला. या हिवाळ्यात मात्र आमचा गट मेघालयात जाणार असून स्थानिक वाटाड्यांच्या सोबतीने चुनखडीच्या नैसर्गिक गुहांमध्ये उतरण्याचा बेत आहे. सोहरा म्हणजेच चेरापुंजीजवळच्या क्रेम मॉम्लूह या गुहेतल्या एका चुनखडीच्या स्तंभाच्या अभ्यासावरून, ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या मेघालयन या भूवैज्ञानिक कालखंडाची सीमा २०१८ साली निश्चित करण्यात आली. ती गुहा आतून पाहण्याची माझी फार दिवसांची इच्छा आहे.

आपल्याकडची कान्हेरी किंवा महाकाली ही माणसाने कातळात कोरलेली लेणी आहेत. त्यांच्या दाराशी उजेड असतो आणि थोडे आत गेले की मागची भिंत लागते. मेघालयातल्या गुहांमध्ये कंबरभर पाण्यातून चालावे लागते, काही ठिकाणी चिखलातून पोटावर सरपटत जावे लागते आणि बाहेरचा उजेड तासन्‌तास दिसत नाही, असे तिथे जाऊन आलेल्यांनी सांगितले आहे. त्यामुळे माझा जुना लॅम्प तिथे नेणे मला धोक्याचे वाटते.

दुकानांत आणि संकेतस्थळांवर शोध घेतला, पण त्याने गोंधळच वाढला. एका खोक्यावर आयपीएक्स ४ लिहिलेले असते आणि शेजारी ‘वॉटरप्रूफ’ असा शिक्का असतो; दुसऱ्यावर आयपी ६८ असते, पण किती खोल पाण्यात आणि किती वेळ, याचा पत्ता नसतो. प्रकाशाचे आकडे तीनशे ल्युमेनपासून काही हजारांपर्यंत जातात आणि किमतींचा त्या आकड्यांशी काही संबंध दिसत नाही. पाण्याच्या बाबतीत कमीत कमी कोणता अंक धरावा, खरोखर किती ल्युमेन लागतात, सेल बदलता येणारा लॅम्प घ्यावा की आतल्या बॅटरीवर चालणारा, आणि दणकटपणा विकत घेण्यापूर्वीच कशावरून ओळखावा, हे मला समजून घ्यायचे आहे. हेल्मेट वेगळे धरून सात ते आठ हजार रुपये खर्च करण्याची माझी तयारी आहे. प्रत्यक्ष गुहेत वापर केलेल्यांनी सविस्तर लिहिले तर फार उपकार होतील.

भुयारवाट

कांदिवलीकर, आधी खोक्यावरच्या अंकांचा उलगडा करतो, कारण बहुतेक चुकीच्या खरेद्या तिथेच होतात. आयपी या अक्षरांपुढचा पहिला अंक धुळीपासूनच्या संरक्षणाचा आणि दुसरा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा असतो. पहिल्या अंकाच्या जागी एक्स असेल तर धुळीच्या बाबतीत उत्पादकाने काहीही जाहीर केलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा अंक ४ असेल तर सर्व बाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपुरते संरक्षण आहे, म्हणजे पावसात चालण्यापुरते. अंक ७ असेल तर तो लॅम्प १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे ठेवून तपासलेला असतो. अंक ८ म्हणजे त्याहून कठोर चाचणी, पण खोली आणि वेळ उत्पादकाने स्वतः जाहीर करायची असते; ती जाहीर केलेली नसेल तर त्या ८ ला मी ७ पेक्षा जास्त किंमत देत नाही. ५ आणि ६ हे अंक पाण्याच्या झोताचे आहेत आणि ७ मिळालेल्या लॅम्पची झोताची चाचणी झालेलीच असते असे नाही. गुहेत धबधब्याखालून दोरावर उतरायचे असेल तर हा फरक महत्त्वाचा ठरतो. तुमच्या बेतात पाण्यातून चालणे आणि सरपटणे आहे, म्हणून ७ हा किमान अंक धरा आणि शक्यतो पहिला अंकही ६ असलेला, म्हणजे आयपी ६७ किंवा आयपी ६८ असाच लॅम्प घ्या, कारण गुहेतला चिखल पिठासारखा बारीक असतो आणि तो वाळला की त्याची धूळच होते.

आता या अंकांची मर्यादा सांगतो. ही चाचणी नव्याकोऱ्या लॅम्पवर, स्वच्छ आणि स्थिर पाण्यात होते, आणि बुडवण्याच्या चाचणीत लॅम्प व पाणी यांच्या तापमानात ५ अंशांहून अधिक फरक नसावा असा नियम आहे. गुहेत नेमके उलट घडते. पूर्ण प्रकाशावर चाललेला लॅम्प चांगलाच तापलेला असतो आणि तुम्ही तो कपाळासकट थंड पाण्यात घालता. आतली हवा ४५ अंशांवरून २० अंशांवर आली तर तिचा दाब सुमारे आठ टक्क्यांनी उतरतो, आणि वातावरणाच्या दाबाचे आठ टक्के म्हणजे जवळजवळ ८० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाचा दाब. याचा अर्थ असा की तापलेला लॅम्प नुसता वीतभर पाण्यात बुडाला तरी त्याच्या रबरी कड्यावर जवळपास मीटरभर खोलीइतका ताण येतो आणि लॅम्प स्वतःच बाहेरचे पाणी आत ओढू लागतो. अनेक ‘वॉटरप्रूफ’ लॅम्पच्या काचेवर आतून धुके येण्याचे हे एक कारण असते. म्हणून पाण्याच्या टप्प्याआधी दोनचार मिनिटे प्रकाश अगदी कमी करून लॅम्प निवू द्यावा, ही सवय लावून घ्या.

दणकटपणा ओळखायचा तर लॅम्प हातात घेऊन तो कुठे कुठे उघडतो ते पाहा. सेलचे झाकण, चार्जिंगचे भोक, बटण आणि पुढची काच, एवढ्या जागांतून पाणी शिरू शकते. आट्यांनी फिरवून बंद होणारे झाकण आणि त्यावर ओ-रिंग म्हणजे गोल रबरी कडे, ही रचना मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण कडे सर्व बाजूंनी सारखे दाबले जाते. खिट्टीने बंद होणाऱ्या चौकोनी झाकणाखाली चपटी रबरी पट्टी असते. खिट्टीच्या बाजूला ती घट्ट बसते, पण समोरच्या बाजूला काही महिन्यांत सैल पडू लागते. चार्जिंगच्या भोकावर नुसती रबरी जीभ असेल तर ती नखाने उचलून परत बसवून पाहा. ती आपोआप खोबणीत बसली पाहिजे; बोटाने दाबून कोपरे आत सारावे लागत असतील, तर चिखलाने भरलेले हातमोजे घालून ते तुम्हाला जमणार नाही.

झाकण उघडून ओ-रिंगही नीट पाहून घ्या. ती काळी, लवचीक आणि ग्रीसने किंचित चकाकणारी असली पाहिजे; तिच्यावर कापल्याची बारीक रेघ नसावी आणि बोटाने फिरवली तर ती खोबणीत सरकली पाहिजे. चिखलाचा एक कण किंवा डोक्याचा एक केस तिच्यावर आडवा अडकला तर तेवढ्या फटीतून पाणी सहज आत येते, आणि बाहेरून झाकण पूर्ण बंद झालेले दिसते. जोडीला सुटी ओ-रिंग मिळते का, तेही विचारा. जो उत्पादक सुट्या ओ-रिंगा देतो, त्याने लॅम्प वर्षानुवर्षे वापरला जाईल असे गृहीत धरलेले असते.

नावेच हवी असतील तर तीन सांगतो. पेट्झल या फ्रेंच कंपनीचा ड्युओ झेड २ हा चार पेन्सिल (एए) सेलवर चालणारा, ४३० ल्युमेनचा, आयपी ६७ लॅम्प गुहेसाठीच बनवलेला आहे. या कंपनीचे संस्थापक फर्नांड पेट्झल स्वतः गुहांचे शोधक होते. फिनिक्स कंपनीचा एचएम ६५ आर हा १८६५० या जाडसर, पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम-आयन सेलवर चालणारा, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा, आयपी ६८ लॅम्प आहे आणि त्यात दूरचा व पसरट असे दोन स्वतंत्र दिवे आहेत. स्वित्झर्लंडमध्ये बनणारा स्कुरिऑन हा गुहेत जाणाऱ्यांमध्ये फार मानला जातो, परंतु तो तुमच्या रकमेत बसणार नाही आणि पहिल्या खेपेला त्याची गरजही नाही.

आणि कितीही उत्तम लॅम्प घेतलात तरी प्रत्येकाच्या अंगावर तीन स्वतंत्र दिवे हवेत, हा गुहेत उतरणाऱ्यांचा जगभरचा नियम आहे. ‘स्वतंत्र’ याचा अर्थ वेगळा दिवा, वेगळे सेल आणि शक्य असेल तर हेल्मेटवर वेगळी जागा. एकाच लॅम्पचे जास्तीचे सेल बाळगल्याने हा नियम पाळला जात नाही. तुमची सगळी रक्कम एकाच लॅम्पवर खर्च करू नका. पाच हजारांचा मुख्य लॅम्प आणि उरलेल्या पैशांत दोन लहान पण आयपीएक्स ७ किंवा ८ चे लॅम्प, ही वाटणी आठ हजारांच्या एकट्या लॅम्पपेक्षा सुरक्षित आहे.

गिरगावकर

वर पाण्याविषयी सविस्तर आले आहे, म्हणून मी विजेच्या बाजूविषयी लिहितो. माझा व्यवसाय इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीचा असल्यामुळे पाण्याने आणि सेलच्या गळतीने खराब झालेले लॅम्प माझ्याकडे नेहमी येतात.

ल्युमेनचा आणि तासांचा आकडा एकत्र वाचू नका. २००९ साली अमेरिकेत एफएल १ नावाचे मानक आले आणि बहुतेक नामांकित कंपन्या तेच पाळतात. त्यात लॅम्प सुरू केल्यानंतर ३० सेकंदांनी मोजलेल्या प्रकाशाच्या १० टक्क्यांपर्यंत प्रकाश उतरला की ‘चालण्याचा काळ’ संपला असे धरतात. म्हणजे ४०० ल्युमेनचा लॅम्प ४० ल्युमेनवर येईपर्यंतचा सगळा वेळ खोक्यावर दिमाखात छापता येतो. जो लॅम्प प्रकाश एका पातळीवर स्थिर राखतो आणि सेल संपत आल्यावर सूचना देऊन खालच्या पातळीवर जातो, तो गुहेसाठी योग्य. चांगल्या परीक्षणांत वेळ आणि प्रकाश यांचा आलेख दिलेला असतो; त्यात सपाट रेघ दिसते की पहिल्या मिनिटापासून उतरण दिसते, ते पाहा.

साधा हिशेब तुम्ही घरीही करू शकता. आजच्या चांगल्या एलईडीचा लॅम्प, आतल्या परिपथातली घट धरून, एका वॉटमागे साधारण १०० ल्युमेन देतो. १८६५० जातीचा ३,५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल ३.६ व्होल्टने गुणला की १२.६ वॉट-तास होतात, म्हणजे १०० ल्युमेनवर सुमारे बारा तास. पुन्हा चार्ज होणारे २,००० मिलिअँपिअर-तासांचे चार पेन्सिल सेल मिळून ९.६ वॉट-तास देतात, म्हणजे नऊ-साडेनऊ तास. तुमच्या जुन्या लॅम्पमधले तीन बारीक सेल ८०० चे धरले तर २.९ वॉट-तासही भरत नाहीत. त्याच प्रकाशावर तो तीन तासही टिकणार नाही. गुहेत चालण्यासाठी ८० ते १५० ल्युमेन पुरतात, मोठ्या दालनाचे छत पाहण्यासाठी काही सेकंद ४०० किंवा त्याहून अधिक लागतात, आणि थांबून डबा खाताना १० ते २० ल्युमेन भरपूर होतात. खोक्यावरच्या हजार-दोन हजार ल्युमेनची पातळी बहुतेक लहान लॅम्पमध्ये काही मिनिटांत उष्णतेमुळे आपोआप खाली येते, त्यामुळे त्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

१८६५० सेल घेताना फार जपून घ्या. लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइन बाजारातही ९,९०० मिलिअँपिअर-तास असे छापलेले सेल सर्रास मिळतात. या आकाराच्या सेलची खरी क्षमता ३,५०० ते ४,००० च्या पुढे फारशी जात नाही, तेव्हा तो आकडा दिसला की दुकानातून बाहेर पडावे. अस्सल सेलचे वजन साधारण ४५ ते ५० ग्रॅम असते. खोटा सेल पुष्कळदा त्याहून बराच हलका निघतो, म्हणून सोनाराकडे असतो तसला लहान डिजिटल काटा जवळ असेल तर तो घेऊन जा. शक्यतो लॅम्पच्या उत्पादकाचाच, संरक्षक परिपथ असलेला सेल घ्या. पेन्सिल सेलचा लॅम्प घेतलात तर अल्कलाइन सेल त्यात ठेवून तो कपाटात टाकू नका, कारण सेल गळून पितळी पट्ट्या हिरव्या पडलेले लॅम्प मी जितके पाहिले आहेत, तितके पाण्याने बिघडलेले पाहिलेले नाहीत.

कांदिवलीकर

दोघांचेही मनापासून आभार. तापलेल्या लॅम्पचा मुद्दा माझ्या ध्यानीमनीही नव्हता. आता एक उपप्रश्न विचारतो. पाणी शिरण्याच्या जागा जितक्या कमी तितके चांगले, हे पटले. मग आतली बॅटरी कायमची बंद असलेला आणि बाहेरून चुंबकाने चार्ज होणारा लॅम्प सर्वांत उत्तम ठरायला हवा. तसा एक लॅम्प मला आवडलेलाही आहे आणि त्याच्यावर आयपी ६८, २ मीटर असे स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही वरच्या कोणत्याच उत्तरात त्याची शिफारस दिसली नाही, म्हणून विचारतो.

गिरगावकर

पाण्यापुरते तुमचे तर्कशास्त्र बरोबर आहे. परंतु असा लॅम्प गुहेत संपला की तो बाहेर येईपर्यंत संपलेलाच राहतो, आणि दोन-चार वर्षांनी त्यातली बॅटरी थकली की पूर्ण लॅम्प टाकून द्यावा लागतो. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. टिकाऊपणा हा तुमचा मुख्य निकष असेल, तर ज्या भागाचे आयुष्य सर्वांत कमी आहे तोच भाग बदलता न येणारा लॅम्प निवडू नये. दुसरा किंवा तिसरा दिवा म्हणून तो अवश्य घ्या.

चुनखडी

मी मेघालयातल्या गुहांमध्ये गटाबरोबर जात असते आणि छत्तीसगडच्या कांगेर खोऱ्यातली कुटुमसर गुहाही पाहिली आहे, म्हणून थोडे वेगळे मत मांडते. वरच्या दोन्ही सदस्यांचा कल १८६५० सेलकडे दिसतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी चार पेन्सिल सेलचा लॅम्पच सुचवीन. शिलाँगहून पुढे गेल्यावर १८६५० सेल मिळण्याची आशा धरू नये, पेन्सिल सेल मात्र गावातल्या किराणा दुकानातही मिळतात. शिवाय गटातल्या सर्वांचे लॅम्प एकाच जातीच्या सेलवर चालत असतील तर एकमेकांना सेल देता येतात. या सोयीची किंमत दोन-तीन तासांच्या कमी उजेडाएवढी असली तरी ती मला मान्य आहे. चार्ज होणारे निकेल जातीचे सेल रोजच्या वापराला ठेवा आणि उत्पादकाची परवानगी असेल तर एकदाच वापरायच्या लिथियम पेन्सिल सेलचा एक संच न उघडता डबीत ठेवा. ते वजनाने हलके असतात आणि वर्षानुवर्षे पडून राहिले तरी गळण्याचा धोका फार कमी असतो.

प्रकाशाच्या प्रमाणाइतकाच त्याचा आकारही महत्त्वाचा आहे, आणि त्याबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही. ट्रेकला उपयोगी पडणारा अरुंद, दूरवर जाणारा झोत गुहेत त्रासदायक होतो. पायाखाली एक पांढरे वर्तुळ दिसते, भोवती सगळा काळोख राहतो, आणि भिंतीतून पुढे आलेला दगड खांद्याला लागेपर्यंत कळत नाही. तुम्हाला पसरट प्रकाश मुख्य हवा आणि झोत जरुरीपुरता. दोन्ही वेगवेगळ्या बटणांनी लावता येत असतील तर उत्तम. हवेत दमटपणा इतका असतो की थांबल्यावर स्वतःच्या श्वासाची वाफ समोर तरंगते आणि कपाळावरचा उजेड तिच्यावर पडून डोळ्यांपुढे पांढरा पडदा उभा राहतो. अशा वेळी दुसरा दिवा हातात घेऊन कमरेच्या उंचीवर धरावा. वाफ उजळत नाही, आणि प्रकाश तिरका पडल्यामुळे जमिनीवरचे खड्डे व पाण्याखालचे दगड सावल्यांसह दिसू लागतात. दुसरा दिवा हेल्मेटवरून पटकन काढता येईल असा असावा, असे मी म्हणते ते याचसाठी. रंगाच्या बाबतीत निळसर पांढऱ्या प्रकाशापेक्षा ४,००० ते ५,००० केल्व्हिनचा किंचित उबदार प्रकाश घ्या; ओल्या चिखलाचा आणि दगडाचा फरक त्यात अधिक स्पष्ट कळतो.

हेल्मेटवरची बांधणी दुकानातच तपासा. नुसता इलॅस्टिकचा पट्टा सरपटताना छताला घासून वर सरकतो आणि लॅम्प पाण्यात जातो. हेल्मेटला चारही बाजूंनी पट्टा अडकवायच्या खाचा हव्यात. शिवाय एक बारीक दोरी लॅम्पमधून ओवून हेल्मेटच्या भोकात बांधून टाका. बॅटरीचा डबा मागे असलेल्या लॅम्पचा तोल चांगला राहतो, पण अगदी बुटक्या जागेत तो डबा छताला आपटतो आणि तार सैल असेल तर अडकते, म्हणून तार हेल्मेटला चिकटून जाते का ते पाहा. लॅम्प वरखाली करायची बिजागरी हाही नाजूक भाग आहे. खालच्या कोनात ठेवून हेल्मेट जोरात हलवा. लॅम्प स्वतःहून मान टाकत असेल तर तो घेऊ नका. त्यानंतर घरातले भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून, डोळे मिटून सर्व पातळ्या बदलून पाहा. जे बटण तेव्हा सापडत नाही, ते गुहेत मुळीच सापडणार नाही.

आणखी एक विनंती आहे. समोरच्याशी बोलताना लॅम्प खाली करा किंवा कमी करा, कारण एकदा डोळे दिपले की अंधाराला सरावायला बराच वेळ लागतो. ड्युओ मालिकेत समोर त्याच मालिकेचा लॅम्प आला तर प्रकाश आपोआप मंदावण्याची सोय आहे, पण ती सगळ्यांकडे तेच लॅम्प असतील तरच उपयोगी. छताला वटवाघळे लटकलेली दिसली तर त्यांच्यावर झोत रोखू नये. अगदी मंद पातळी असलेला लॅम्प घ्यावा, याचे हेही एक कारण आहे.

भुयारवाट

पेन्सिल सेलचा मुद्दा मला मान्य आहे. गटाने जायचे असेल तर सर्वांनी एकच जात ठरवणे हेच शहाणपणाचे, आणि ड्युओ झेड २ सारखा लॅम्प त्यात चपखल बसतो. मात्र तो आपल्याकडे कोणत्या किमतीला पडतो ते आधी पाहा. तो तुमची बहुतेक रक्कम खाऊन टाकणार असेल, तर आयपी ६७ असलेला त्याच जातीचा साधा लॅम्प घेऊन उरलेले पैसे दुसऱ्या आणि तिसऱ्या दिव्याला द्या.

लॅम्प घरी आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याच्या आत पुढील चाचणी करा. झाकण उघडून ओ-रिंग स्वच्छ फडक्याने पुसा, तिला उत्पादकाने सांगितलेले ग्रीस अगदी पुसट लावा आणि झाकण बंद करा. पेट्रोलियम जेली लावू नका, काही जातींचे रबर तिने फुगते. आत टिश्यू पेपरचा एक छोटा कोरडा तुकडा ठेवा. लॅम्प सर्वांत मोठ्या प्रकाशावर दहा मिनिटे चालवून तापवा आणि तसाच सुरू असताना पाण्याने भरलेल्या बादलीच्या तळाशी सोडा. पाण्यात बर्फ घालू नका. नळाचे पाणी पुरे. पहिल्या मिनिटात बुडबुड्यांची ओळ निघते का ते पाहा, अर्धा तास तसाच ठेवा आणि त्या काळात बटण पाण्याखालीच दोनचार वेळा दाबा, कारण बटणाचे रबर दाबले जातानाच गळते. बाहेर काढून लॅम्प पूर्ण पुसा, हात कोरडे करा आणि मगच झाकण उघडा. टिश्यू कोरडा असेल आणि काचेवर आतून दव नसेल, तर लॅम्प ठेवून घ्या. दव दिसले तर ‘वाळल्यावर ठीक होईल’ असे कोणीही सांगितले तरी परत करा. ही चाचणी दुसऱ्या आणि तिसऱ्या दिव्याचीही करा. त्यांच्याकडे दुर्लक्ष होते आणि मुख्य लॅम्प गेल्यावर सगळा भार त्यांच्यावरच येतो.

गुहेत सेल बदलायची वेळ आली तर सोबत्याच्या उजेडात, पाण्यापासून दूर, कोरड्या रुमालाने झाकणाभोवतीचा चिखल आधी पुसून मगच लॅम्प उघडा. तो रुमाल झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत वेगळा ठेवलेला असावा.

परतल्यावर लॅम्प गोड्या पाण्यात झाकण बंद ठेवूनच धुवा, पुसा आणि मग उघडून सावलीत वाळवा. मुंबईची हवा हा लॅम्पचा गुहेइतकाच मोठा शत्रू आहे. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात सेलच्या पट्ट्यांवर गंज चढतो, म्हणून सेल काढून लॅम्प आणि सिलिका जेलच्या पुड्या हवाबंद डब्यात ठेवाव्यात. ओ-रिंग दर वर्षी बदलली तरी खर्च किरकोळ येतो.

गुवाहाटीच्या विमानाविषयीही सांगून ठेवतो, कारण त्याबद्दल नेहमी विचारणा होते. लिथियमचे सुटे सेल चेक-इनच्या सामानात चालत नाहीत. ते हातातल्या बॅगेतच न्यावे लागतात आणि प्रत्येक सेल वेगळ्या प्लास्टिकच्या डबीत असावा. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना वेगळी परवानगी लागत नाही आणि आपले सेल त्या मर्यादेच्या फारच खाली असतात. लॅम्प स्वतः बॅगेत दाबून सुरू होऊ नये म्हणून बटणाचे कुलूप लावा, किंवा आट्यांचे झाकण असेल तर ते पाव फेरा सैल करून ठेवा. गुहेत शिरण्यापूर्वी ते पुन्हा घट्ट केल्याची खात्री दोघांनी एकमेकांची करावी.